स्पर्शावाचून दर्शन

तीर्थाला गेल्यावर देवाच्या शक्य तितके जवळ जावे, अशी प्रत्येक भाविकाची इच्छा असते. पण आपण जवळ गेल्यामुळेच ते तीर्थ झिजत असेल, तर भक्ताचे कर्तव्य कोणते? पुढे होऊन स्पर्श करणे, की दोन पावले मागे थांबणे? चुनखडीच्या प्रदेशातील गुहा आणि झरे हा प्रश्न आपल्यासमोर फार स्पष्टपणे उभा करतात.

म्हैसूरच्या आसपास अशा गुहा नाहीत. चामुंडी टेकडी ग्रॅनाइटची आहे आणि ग्रॅनाइट पाण्यात सहजासहजी विरघळत नाही. महाराष्ट्रातील अजिंठा-वेरूळची लेणी माणसाने छिन्नी-हातोड्याने बेसॉल्टमध्ये कोरलेली आहेत. चुनखडीच्या गुहा मात्र पाणी स्वतः घडवते. अशा भूरूपांना भूगोलात ‘कार्स्ट’ म्हणतात. आपल्याला जवळचे उदाहरण म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यातील याणा. घनदाट जंगलात काळ्या चुनखडीचे दोन प्रचंड सुळके उभे आहेत. भैरवेश्वर शिखर सुमारे १२० मीटर उंच आहे आणि मोहिनी शिखर सुमारे ९० मीटर. भस्मासुराची कथा या स्थानाशी जोडलेली आहे. तिथली काळी भुसभुशीत माती म्हणजे त्याचेच भस्म, अशी लोकांची श्रद्धा आहे. भैरवेश्वर शिखराच्या पोटातील गुहेत स्वयंभू लिंग आहे आणि वरच्या दगडातून त्यावर पाणी ठिबकत राहते. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. याच जिल्ह्यात दांडेलीजवळच्या जंगलात कवळा गुहा आहे. तेथे ज्याची पूजा होते ते लिंग म्हणजे भूगोलाच्या पुस्तकात आपण वाचलेला ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ होय.

थेंबाची तपश्चर्या

हा स्तंभ कसा तयार होतो, हे समजून घेतले तर श्रद्धा कमी होत नाही, उलट वाढते. पावसाचे पाणी हवेतून आणि मातीतून कार्बन डायऑक्साइड घेते आणि किंचित आम्लधर्मी होते. ते चुनखडीच्या भेगांतून झिरपताना दगडाचा थोडा अंश विरघळवते. गुहेच्या छतातून थेंब बाहेर आला, की त्यातील वायू निघून जातो आणि विरघळलेल्या चुन्याचा अतिशय पातळ थर मागे राहतो. छताला लटकणारा स्तंभ आणि जमिनीवरून वर येणारा स्तंभ, दोन्ही असेच वाढतात. अनेक गुहांमध्ये ही वाढ शंभर वर्षांत जेमतेम एक सेंटिमीटर असते. म्हणजे हातभर उंचीच्या स्तंभामागे चार-पाच हजार वर्षांचा अखंड अभिषेक असू शकतो. तो अभिषेक कोणी ठरवलेला नाही आणि त्याचा कोणी यजमानही नाही.

आता आपण तिथे जातो आणि श्रद्धेने हात लावतो. आपल्या त्वचेवर तेलाचा सूक्ष्म थर असतो, तो दगडावर उतरतो. एकाच जागी हजारो हात लागले, की तिथे नवा थर नीट बसत नाही आणि दगड काळवंडतो. दिव्याची काजळी भिंतीवर चढते. विजेचे दिवे सतत पेटते ठेवले, तर जिथे कधी सूर्यप्रकाश नव्हता तिथे हिरवे शेवाळ धरते. फ्रान्समधील लास्को या चुनखडीच्या गुहेत सुमारे १७,००० वर्षांपूर्वीची चित्रे आहेत. ती १९४० मध्ये सापडली आणि १९४८ मध्ये लोकांसाठी खुली झाली. पाहणाऱ्यांच्या श्वासाने आणि दिव्यांच्या प्रकाशाने चित्रांची हानी होऊ लागली, म्हणून १९६३ मध्ये गुहा बंद करावी लागली. पुढे १९८३ मध्ये जवळच तिची प्रतिकृती उभारण्यात आली. त्या लोकांनी काही तोडले नव्हते, चोरले नव्हते. ते फक्त प्रेमाने पाहायला आले होते.

येथेच खरा नैतिक प्रश्न आहे. वाईट हेतूने केलेल्या कृतीला चूक म्हणणे सोपे असते. चांगल्या हेतूने, भक्तीने केलेली कृती जेव्हा हानी करते, तेव्हा ‘माझा भाव शुद्ध होता’ एवढे म्हणणे पुरेसे आहे का?

झरा कोणाचा?

झऱ्यांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी गंभीर होतो. माती आणि वाळूतून झिरपणारे पाणी हळूहळू गाळले जाते. चुनखडीत मात्र पाणी मोठ्या भेगांतून आणि भुयारांतून वाहते, ते फारसे गाळले जात नाही. वरच्या बाजूला एखाद्या विवरात टाकलेले निर्माल्य, तेल, साबण किंवा प्लास्टिक काही तासांत वा दिवसांत खालच्या झऱ्यात उतरू शकते. तिथे कोणी ते पाणी तीर्थ म्हणून तळहातावर घेत असते. आपण वर केलेले कर्म खाली दुसऱ्याच्या ओंजळीत जाते. कर्मफळाचा सिद्धांत इतक्या सरळ रीतीने क्वचितच पाहायला मिळतो.

त्या पाण्यात इतरही जीव राहतात. बस्तरमधील कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानात कुटुमसर ही चुनखडीची गुहा आहे. तिथल्या अंधारात राहणाऱ्या माशांची दृष्टी क्षीण झालेली आहे. पाऊस जे वाहून आणतो, त्यावरच ते जगतात. पावसाळ्यात ही गुहा पर्यटकांसाठी बंद असते. आपल्या आंबोलीतील हिरण्यकेशीचा उगम चुनखडीतला नाही, पण तिथेही नदी गुहेतून बाहेर येते आणि समोर महादेवाचे मंदिर आहे. त्या कुंडातील एका लहान माशाची ‘शिस्तुरा हिरण्यकेशी’ ही नवी प्रजाती म्हणून २०२० मध्ये नोंद झाली आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्या स्थानाला जैवविविधता वारसा स्थळ घोषित केले. शतकानुशतके भाविक ज्या कुंडाला नमस्कार करीत आले, त्यात नमस्काराला पात्र असे आणखी कोणी राहत होते.

एका आजींचा प्रश्न

आमच्या सत्संगात हा विषय निघाला तेव्हा एक आजी म्हणाल्या, “बाळा, जन्मभर ज्याचं नाव घेतलं, त्याच्यापाशी पोहोचल्यावर हातही लावायचा नाही? मग जायचं तरी कशाला?” या प्रश्नाला शास्त्रीय माहिती सांगून उत्तर देता येत नाही. स्पर्शाची ओढ खोटी नाही. आई लेकराला दुरून पाहून समाधानी होत नाही.

दुसरी शंका याहून कठीण आहे. ‘दूर राहा, शिवू नका’ हे शब्द आपल्या समाजात फार क्रूरपणे वापरले गेले आहेत. चोखोबांना पंढरपुरात मंदिराबाहेर राहावे लागले. मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये तिथेच उपोषण करावे लागले. म्हणून गुहेत स्पर्श टाळण्याचा नियम करायचा असेल, तर तो पुजारी, पाहुणे, अधिकारी आणि सामान्य यात्रेकरू या सर्वांना सारखाच लागू असला पाहिजे. एकालाही सूट मिळाली, तर तो संयम राहत नाही, तो पुन्हा भेदभावच होतो. सर्वांनी मिळून स्वेच्छेने सोडलेला स्पर्श आणि काही जणांवर लादलेले अंतर, या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत.

आजींच्या प्रश्नाचे उत्तर मला वारकरी परंपरेत सापडते. पंढरपुरात पदस्पर्श दर्शन आहे, मुखदर्शन आहे आणि ज्याला आत जाता येत नाही त्याच्यासाठी कळसदर्शनही आहे. कळसाला हात जोडून माघारी फिरणाऱ्या वारकऱ्याची वारी अपुरी राहिली, असे कोणी म्हणत नाही. २०२४ मध्ये मंदिराच्या जतन-संवर्धनाच्या कामासाठी मार्चच्या मध्यापासून जूनच्या आरंभापर्यंत पदस्पर्श दर्शन बंद होते. तेव्हाही मुखदर्शन घेऊन लोक समाधानाने परतत होते. अनुवादाची सेवा करताना मला जाणवले, की ‘दर्शन’ या शब्दाला इतर भाषेत नेमका प्रतिशब्द मिळत नाही. त्यात पाहणे आहे आणि आपण पाहिले जाणेही आहे. देवाने आपल्याकडे पाहावे यासाठी त्याला हात लावण्याची गरज नसते.

त्यागातून मिळणारे

ईशावास्य उपनिषद आरंभीच शिकवते, की हे सर्व ईश्वराने व्यापलेले आहे, म्हणून त्यागपूर्वक उपभोग घ्यावा. वाणिज्य शाखेतही पहिला धडा असाच असतो: व्याजावर जगावे, मुद्दल खाऊ नये. पाच हजार वर्षांचा स्तंभ हे मुद्दल आहे. ते आपण साठवलेले नाही आणि संपले तर कोणत्याही देणगीने भरून निघणारे नाही. आपल्यानंतर येणाऱ्या भाविकाचाही त्यावर तितकाच हक्क आहे.

स्पर्शाचा आग्रह धरताना मनात ‘मला अनुभव मिळाला पाहिजे’ हा भाव असतो. साधनेत आपण हळूहळू सोडू पाहतो तो हाच ‘मला’. म्हणून गुहेत हात जोडून थांबणे ही साधनेत पडलेली उणीव नाही, ती साधनाच आहे.

येत्या महाशिवरात्रीला आपल्यापैकी काही जण याणा किंवा कवळ्याला जातील. जाताना बेलाचे पान सोबत असू द्यावे, पण दूध, तेल आणि कापूर घरच्या देवघरासाठी ठेवावा. आणलेली प्रत्येक पिशवी परत न्यावी. झऱ्याच्या उगमाच्या वर काहीही टाकू नये. पाच मिनिटे बोलणे थांबवून अंधारात पडणाऱ्या थेंबाचा आवाज ऐकावा. आपल्या आधी हजारो वर्षे चाललेला तो अभिषेक आपल्यानंतरही चालू राहावा, एवढेच त्या ठिकाणी मागावे.