द्रान्सीचे पापनिवेदन



मिस्साच्या सुरुवातीला आपण छातीवर हात मारून चार प्रकारच्या पापांची कबुली देतो. विचाराचे, शब्दाचे, कृतीचे आणि चौथे, जे करायला हवे होते ते न केल्याचे. हे चौथे आपण भरभर म्हणून टाकतो. फ्रान्सच्या ख्रिस्तसभेला ते उच्चारायला पन्नासहून अधिक वर्षे लागली.

१९४० साली जर्मनीने फ्रान्सचा पाडाव केला आणि मार्शल पेताँ यांचे सरकार विशी या गावी आले. त्याच ऑक्टोबरात या सरकारने यहुद्यांना सरकारी नोकऱ्यांतून व शाळांतून काढणारा कायदा केला. बिशपांनी त्याविरुद्ध जाहीरपणे तोंड उघडले नाही. पेताँ ख्रिस्तसभेला मान देत होते ना! जुलै १९४२ मध्ये पॅरिस परिसरात दोन दिवसांत सुमारे १३,००० यहुदी पकडले गेले. त्यांत ४,००० हून अधिक मुले होती. दारावर थाप मारणारे पोलीस जर्मन नव्हते, फ्रेंच होते. फ्रान्समधून एकूण सुमारे ७६,००० यहुदी मृत्युछावण्यांकडे पाठवले गेले, बहुतेक पॅरिसजवळच्या द्रान्सी छावणीतून.

तुलूझचे आर्चबिशप सालिएज अर्धांगवायूने आजारी होते, बोलणेही धड होत नसे. यहुदी हीसुद्धा माणसे आहेत, आपलेच भाऊ आहेत, असे चार ओळींत बसेल एवढे त्यांचे म्हणणे. सरकारी अधिकाऱ्यांनी मनाई करूनही २३ ऑगस्ट १९४२ च्या रविवारी त्यांचे पत्र अनेक देवळांत वाचले गेले. आणखी काही बिशप बोलले. बहुतेक गप्प राहिले.

युद्धानंतर 'विशी म्हणजे फ्रान्स नव्हेच' असे देश स्वतःला सांगत राहिला. राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी १९९५ साली देशाचा अपराध मान्य केला. मग ३० सप्टेंबर १९९७ रोजी द्रान्सीलाच बिशप ऑलिव्हिये द बेराँजे यांनी फ्रेंच बिशपांचे निवेदन वाचले. ते मौन हा अपराध होता, असे सांगून त्यांनी देवाची क्षमा मागितली आणि यहुदी लोकांनी आपला पश्चात्ताप ऐकावा अशी विनंती केली.

युद्धकाळात जे स्वतः लहान होते, त्यांनी क्षमा का मागावी, असे कुणाला वाटेल. सालिएज यांचे नाव पुढे केले असते तरी भागले असते. मठांत यहुदी मुले लपवणाऱ्या सिस्टर होत्या, बाप्तिस्म्याचे खोटे दाखले देणारे धर्मगुरू होते. निवेदनात अशा धाडसी लोकांचा आदराने उल्लेख आहे. पण त्यांच्या पुण्याईने इतरांचे मौन पुसले जात नाही, हेही त्यातच म्हटले आहे.

शनिवारी पापनिवेदनाला येण्यापूर्वी घरी थोडा वेळ त्या चौथ्या पापापाशी थांबू या.