स्वप्नातला संकल्प

लोकलमध्ये डुलकी लागलेला भाईंदरकर मीरा रोड सुटताच बहुधा जागा होतो. उतरण्याचा संकल्प झोपेतही टिकतो. मग ‘हे स्वप्न आहे’ असे स्वप्नातच उमगूनही आम्ही योजलेला हेतू का विसरतो? झोपेत विवेकही डोळ्यांबरोबर मिटतो काय, असे संत ऑगस्टीन ह्यांनी ‘कन्फेशन्स’मध्ये विचारले आहे. १९७५ साली इंग्लंडमधील हल विद्यापीठात ॲलन वर्स्ली ह्यांनी झोपेतच, आधी ठरल्याप्रमाणे डोळे हलवून, स्वप्नाचे भान असल्याची खूण दिली. म्हणजे भानाबरोबर हेतूही जागा राहू शकतो. मात्र तो आधी नेमका ठरलेला हवा. म्हणून रात्रीच्या प्रार्थनेत आम्ही एकच संकल्प स्पष्ट शब्दांत करावा. जीवन क्षणभंगुर आहे हे आम्ही जाणतोच. कशासाठी आलो, तेवढे मात्र विसरतो.