काठावरचा माणूस

नदीला पूर आला आहे, आज उतार नाही, हे काठावरच्या माणसाला ठाऊक आहे. त्याच्या डोळ्यांदेखत एक वाटसरू पाण्यात उतरतो. हा गप्प राहतो आणि वाटसरू बुडतो. १८३७ साली भारतीय दंडविधानाचा मसुदा सादर करताना मेकॉलेने हे उदाहरण दिलं होतं. वाटसरूंना सावध करण्यासाठी नेमलेला शिपाई किंवा पैसे घेऊन सोबत आलेला वाटाड्या गप्प राहिला, तर तो खुनी. कुणीही न नेमलेला माणूस गप्प राहिला, तर कायदा त्याला हात लावणार नाही. तो वाईट माणूस ठरेल, गुन्हेगार नाही.

मेकॉलेची अडचण खरी होती. मदत न करणं गुन्हा ठरवलं, तर थांबायचं कुठे? एखाद्या रोग्याला वाचवू शकणारा एकच शल्यवैद्य कलकत्त्यात असेल, तर त्याने मेरठपर्यंत गेलंच पाहिजे का? नाही, असं कोणीही म्हणेल. पण मेरठला जाणं आणि तोंड उघडणं यांत फार अंतर आहे. काठावरच्या माणसाला फक्त हाक मारायची होती. रेघ तिथेच ओढता आली असती. १८६० च्या दंडविधानाने ती ओढली नाही आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही नाही.

जर्मनीने ती ओढली आहे. स्वतःला मोठा धोका नसताना संकटातल्या माणसाला मदत न करणाऱ्याला तिथे दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ऑक्टोबर २०१६ मध्ये एसेन शहरातल्या एका बँकेत ऐंशी ओलांडलेले गृहस्थ कोसळले. ग्राहक आले, त्यांना वळसा घालून, ओलांडून गेले, पैसे काढून निघून गेले. कॅमेऱ्यात सगळं दिसत होतं. ते गृहस्थ पुढे दगावले. वेळेवर मदत मिळूनही ते वाचले नसते, असं तज्ज्ञांचं मत पडलं. तरीही २०१७ मध्ये तिघांना दंड झाला. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. मृत्यूचं खापर त्यांच्यावर फोडलेलं नाही. एक फोन केला नाही, तेवढ्याचाच जाब विचारला आहे. आणि त्या देशात वाहन परवान्यासाठी प्रथमोपचाराचं प्रशिक्षण सक्तीचं आहे, हेही ध्यानात घ्यायला हवं. मागण्याआधी तिथे शिकवलं जातं.

आपल्याकडे माणूस पुढे होत नाही, कारण पोलीस ठाणं, जबाब आणि कोर्टाच्या फेऱ्या त्याच्या डोळ्यांपुढे येतात. ही भीती निर्दयपणा नव्हे. अनुभवातून आलेलं शहाणपण आहे ते. म्हणून २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या सूचनांना कायद्याचं बळ दिलं, आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. पण हे कवच रस्त्यावरच्या मोटार अपघातापुरतंच आहे. फलाटावर छातीत कळ येऊन पडलेल्या प्रवाशासाठी धावणाऱ्याला ते नाही. तलावात बुडणाऱ्याला बाहेर काढणाऱ्यालाही नाही. आधी हे कवच सगळ्यांना मिळालं पाहिजे. मगच ११२ किंवा १०८ ला फोन करण्याची सक्ती आणावी, तीही एवढीच. धोका पत्करून पाण्यात उडी मारा असं कायद्याने कुणालाही सांगू नये. गर्दीतल्या पन्नास जणांपैकी शिक्षा कुणाला, हा प्रश्न उरतोच. पहिला फोन गेला की बाकीच्यांची जबाबदारी संपते, असं कलमातच लिहिता येईल.