गेलेल्या माणसाविषयी खरे बोलावे काय?

आमचे आजोबा गेले. महिन्याच्या मिस्सेनंतर कुटुंबातर्फे चार शब्द बोलावेत असे ठरले व ते लिहिण्याचे काम आम्हां नातवंडांकडे आले. सांगण्यासारखे पुष्कळ होते. पहाटे उठून केळीच्या बागेला पाणी लावणारे आजोबा. सांजेला साऱ्या घराला ओटीवर बसवून रोझरी सांगणारे आजोबा. पेंगणाऱ्याच्या पाठीत त्यांचा धपाटा बसे, तोही आज हवाहवासा वाटतो.

तथापि एक गोष्ट लेखणीला अडवीत होती. शेजारीच राहणाऱ्या सख्ख्या धाकट्या भावाशी आजोबा १९ वर्षे बोलले नव्हते. कारण काय, तर सामाईक विहिरीच्या पाण्याची पाळी! साऱ्या आळीला हे ठाऊक. धाकटे आजोबा मिस्सेला पुढच्याच बाकावर असणार. ‘सर्वांशी प्रेमाने वागणारे’ हे शब्द त्यांच्यासमोर कोणत्या तोंडाने वाचावेत?

मृताविषयी वाईट बोलू नये, अशी आपली रीत आहे. तीत शहाणपण आहे. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याकडे बोट कसे दाखवावे? घरातले दोष घरातच राहोत. पण साऱ्या गावाने पाहिलेली जखम झाकली, तर ती ज्याला झाली त्याचा आपण अपमान करतो. मृताचाही त्यात तोटाच. अंत्यविधीच्या मिस्सेत प्रवचन असावे, गुणगौरवाचे भाषण नसावे, असे रोमन मिस्साग्रंथाच्या नियमावलीत (क्रमांक ३८२) स्पष्ट म्हटले आहे. त्याचे मर्म आम्हांला असे वाटते : ज्याचे काही चुकलेच नाही, त्याच्यासाठी क्षमा कसली मागायची?

संत ऑगस्टीन यांची आई मोनिका ३८७ साली ओस्तिया येथे वारली. सुमारे दहा वर्षांनी ‘कन्फेशन्स’ लिहिताना, लहानपणी चोरून द्राक्षारस पिण्याची तिला लागलेली सवय त्यांनी लपविली नाही. वडील पात्रिसियस यांचा तापटपणा व बाहेरख्यालीपणाही लपविला नाही. आणि त्याच नवव्या पुस्तकाच्या शेवटी, वेदीपाशी या दोघांची आठवण करा, असे वाचकांना विनविले.

आम्ही लिहिले, ‘भावाशी असलेला अबोला मिटविण्यास त्यांना वेळ मिळाला नाही.’ मग ‘वेळ मिळाला नाही’ हे खोडले. १९ वर्षे म्हणजे काही थोडा वेळ नव्हे. ‘अबोला मिटविणे त्यांना जमले नाही’ असे केले आणि आदल्या संध्याकाळी कागद घेऊन धाकट्या आजोबांच्या दारी गेलो. चष्मा लावून त्यांनी तो दोनदा वाचला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कागद परत देत म्हणाले, “त्याला एकट्याला नव्हे. आम्हां दोघांना जमलं नाही, असं लिहा.”