बसून केलेला हिशेब

शास्त्रपाठ : लूक १४:२८-३०, नीतिसूत्रे १३:११



बुरूज बांधावयास निघालेला मनुष्य अगोदर बसून खर्चाचा हिशेब करतो, असे प्रभूने लोकसमुदायाला सांगितले. तो दाखला शिष्यत्वाचा आहे, पैशाचा नव्हे, हे आम्ही विसरत नाही. तरी तो ज्या व्यवहारातून घेतला आहे तो ऐकणाऱ्यांच्या रोजच्या ओळखीचा होता. आज बेळगावापासून इंदूर-बडोद्यापर्यंत आमच्या मंडळ्यांत उपासना संपल्यावर अंगणात ज्या गोष्टी निघतात त्यांत बिटकॉइनची गोष्ट वरचेवर असते. कोणाच्या पुतण्याचे पैसे दुप्पट झाले म्हणे, कोणी ग्रॅच्युइटीतले घातले म्हणे. दाखल्यातला मनुष्य बसतो, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. मोबाइलवर उभ्या उभ्या बोट दाबून बुरूज बांधला जात नाही.

तेव्हा ही वस्तू काय आहे ते आधी समजून घेऊ. आमच्या मंडळीचे बाप्तिस्म्याचे रजिस्टर पाळकसाहेबांच्या कपाटात एकच असते. समजा, त्याची हुबेहूब प्रत प्रत्येक कुटुंबाकडे आहे, आणि नवी नोंद सर्वांच्या प्रतींत जुळली तरच ती खरी धरली जाते. मग एकट्याने खाडाखोड करून काय उपयोग? बिटकॉइन ही अशीच एक नोंदवही आहे. तिच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर आहेत. २००८ साली सातोशी नाकामोतो या टोपणनावाने कोणी तरी तिची कल्पना मांडली व जानेवारी २००९ मध्ये ती सुरू झाली. एकंदर नाणी २ कोटी १० लाखांहून अधिक होणार नाहीत, असा तिचा नियम आहे. युक्ती हुशारीची आहे, हे मान्य केलेच पाहिजे. तिला सैतानाचे काम म्हणून मोकळे होणे सोपे, पण ते खरे नव्हे.

अडचण निराळीच आहे. शेत पीक देते, घर भाडे देते, कारखान्याच्या समभागामागे कारखाना असतो. या नाण्यामागे पुढच्या गिऱ्हाइकाची इच्छा तेवढी असते. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनचा भाव सुमारे ६९,००० डॉलर होता. वर्षभरात तो १६,००० च्या आसपास आला, म्हणजे चौथा हिस्साही उरला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये तोच भाव एक लाख डॉलरच्या वर गेला. ज्याला मुलीच्या फीसाठी नोव्हेंबर २०२२ मध्येच पैसे काढावे लागले, त्याला २०२४ ची वार्ता काय कामाची? शिवाय नाण्याची गुप्त किल्ली हरवली तर ती पुन्हा देणारा कोणी व्यवस्थापक नाही. बँक बुडाली तर ठेवीवर ५ लाखांपर्यंत विमा असतो. येथे तेही नाही. आणि व्यवहार करून देणारी पेढीच बुडते. एफटीएक्स ही तशी मोठी पेढी नोव्हेंबर २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली, व मार्च २०२४ मध्ये तिच्या संस्थापकास २५ वर्षांची शिक्षा झाली.

आपल्या देशात या नाण्यांवर बंदी नाही, पण त्यांस चलनाची मान्यताही नाही. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे. एका नाण्यात नफा व दुसऱ्यात तोटा झाला, तर तोटा वजा करता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया मात्र वेगळा. तो डिसेंबर २०२२ पासून सर्वसाधारण लोकांसाठी प्रायोगिक रीतीने सुरू झाला. तो आपलाच रुपया आहे, दुप्पट होत नाही. त्याच्या नावाने कोणी गुंतवणूक मागू लागला तर समजावे की तो लबाड आहे.

खरे नुकसान बहुधा नाण्यापेक्षा नाण्याच्या नावाने होते. गेनबिटकॉइन या योजनेत दरमहा १० टक्के, असे १८ महिने देण्याचे वचन होते. इतके कोणता प्रामाणिक धंदा देतो, हा प्रश्न पाटीवरच्या हिशेबानेही सुटला असता. पण हजारोंनी पैसे घातले, आणि २०१८ साली पुणे पोलिसांनी तिच्या सूत्रधारास अटक केली. वनकॉइनच्या सभा तर नवी मुंबईत भरत. एप्रिल २०१७ मध्ये तिथे पोलिसांनी धरपकड केली. त्याच वर्षी तिची चालक रुजा इग्नाटोव्हा नाहीशी झाली.

आमच्या मनाला अधिक झोंबते ती अमेरिकेतील डेन्व्हरची गोष्ट. तेथील एली रेगालाडो नामक पाळकाने आपल्या नाण्याची विक्री ख्रिस्ती लोकांतच केली. जानेवारी २०२४ मध्ये कोलोरॅडो राज्याने त्याच्यावर दावा लावला. तीनशेहून अधिक लोकांकडून सुमारे ३२ लाख डॉलर जमवले व त्यांतले पुष्कळ स्वतःवर खर्च केले, असा आरोप होता. काही पैसा घराच्या दुरुस्तीला गेला हे त्याने कबूल केले, आणि तेही देवाने सांगितले म्हणून, असे म्हटले! देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये ही आज्ञा केवळ शपथा व शिव्यांसाठी आहे, असे आम्ही समजत आलो की काय?

असे विक्रेते मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील दाखला हमखास पुढे करतात : चाकरांनी धन्याचे पैसे दुप्पट केले ना? केले खरे, पण धनी परत आला तो फार काळ लोटल्यावर, आणि मधला काळ त्यांनी व्यापारात राबून काढला. अठरा महिन्यांची हमी त्यांना कोणी दिली नव्हती. नीतिसूत्रांतील वचनही थोडथोडे, श्रमाने साठवणाऱ्याच्याच बाजूचे आहे.

कोणी विचारील, मग आम्ही मुळीच घेऊ नये काय? जो जाणतो, ज्यावर कर्ज नाही व ज्याची रक्कम सगळी बुडाली तरी घरची चूल थांबत नाही, त्यास आम्ही अडवीत नाही. परंतु उसने घेऊन, दागिना गहाण टाकून, आईच्या औषधाच्या ठेवीतून कोणी घालू नये. आणि मंडळीच्या निधीतला एक रुपयाही खजिनदाराने या मार्गाने नेऊ नये. तो पैसा दानपेटीत विधवांनी टाकलेला आहे.

ज्यांचे पैसे आधीच गेले असतील त्यांनी लाजेने घरात बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, व्यवहाराचे कागद व संदेश पुसू नयेत, आणि सोबतीला एखाद्या वडीलजनास न्यावे. मंडळीनेही त्यांस लोभी म्हणून बोट दाखवू नये. आणखी एक : बुडालेली रक्कम परत मिळवून देतो, आधी थोडी फी भरा, असा फोन पुढे येण्याचा संभव असतो. तो बोलणाराही बहुधा ठकच असतो.