गाण्याखालचे नाव



भक्तिगीतांची सीडी आता क्वचितच निघते. गाणे ध्वनिमुद्रित झाले की ते यूट्यूबवर येते. संध्याकाळची जपमाळ झाली की आपण मोबाइलवर ते ऐकतो. पण गाण्याखाली लिहिलेली नावे आपल्यापैकी किती जण वाचतात?

गाणे तिथे दोन वाटांनी पोहोचते. कधी कोणीतरी व्हिडिओ स्वतः चढवतो. शीर्षक आणि माहिती तोच लिहितो. कधी ध्वनिमुद्रण एखाद्या वितरक कंपनीमार्फत पाठवले जाते. मग यूट्यूबच मुखपृष्ठाचे स्थिर चित्र लावून त्याचा व्हिडिओ तयार करते आणि खाली गायक, संगीतकार, गीतकार यांची नावे देते. यंत्राला ही नावे कुठून कळतात? गाणे पाठवताना कोणीतरी ती भरून दिलेली असतात. जे नाव भरले नाही, ते तिथे दिसत नाही. गायकाचे नाव बहुधा राहते. शब्द लिहिणारा, चाल बांधणारा, पेटी वाजवणारा मात्र सहज गळून पडतो.

कोणी म्हणेल, देवाच्या गौरवासाठी गायलेल्या गीताला माणसाचे नाव हवेच कशाला? उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू नये, असे प्रभू येशूनेच शिकवले ना? खरे आहे. पण ती शिकवण दान देणाऱ्यासाठी आहे, घेणाऱ्यासाठी नव्हे. स्वतःचे नाव मागे ठेवणे ही नम्रता. दुसऱ्याचे नाव त्याला न विचारता वगळणे हा अन्याय. आपण दुसऱ्याच्या वतीने नम्र होऊ शकत नाही.

नाताळचे 'सायलेंट नाइट' आठवा. १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये ते प्रथम गायले गेले. शब्द होते सहायक धर्मगुरू फादर योझेफ मोर यांचे, चाल शिक्षक व ऑर्गनवादक फ्रान्झ ग्रुबर यांची. पुढे ते टायरॉलचे लोकगीत म्हणून छापले गेले. कोणी ते थोर संगीतकारांच्या नावावरही घातले. १८५४ साली बर्लिनहून विचारणा झाली, तेव्हा ग्रुबर यांनी सारी हकिकत लिहून काढली. फादर मोर १८४८ मध्येच निवर्तले होते. तरी ग्रुबर यांनी शब्दांचे श्रेय त्यांनाच दिले. मेलेला माणूस तक्रार करायला येणार नव्हता!

संत पौलाच्या रोमकरांस पत्राचा शेवटचा अध्याय उघडा. तिथे कितीतरी सहकाऱ्यांची नावे आहेत. पौल सांगत असताना ते पत्र उतरवून घेणाऱ्या तर्तियसलाही स्वतःच्या नावाने सलाम लिहायला जागा मिळाली आहे.

आपला १९५७ चा कॉपीराइट कायदाही सांगतो, की हक्क विकले तरी 'ही माझी रचना' असे म्हणण्याचा अधिकार रचनाकाराकडेच राहतो. आपल्याला मात्र कायद्याआधी सातवी आणि आठवी आज्ञा आहे. चोरी केवळ पैशाची नसते, आणि खोटी साक्ष गप्प राहूनही देता येते.

म्हणून गीत चढवण्यापूर्वी थोडी चौकशी करू या. शब्द कोणाचे, चाल कोणाची, साथ कोणाची, हे जुन्याजाणत्यांना विचारू या. शोधूनही नाव सापडले नाही तर 'कवी अज्ञात' असे प्रामाणिकपणे लिहू या. ती जागा आपल्या नावाने भरू नये.

देवाला सगळी नावे ठाऊक आहेत. आपण खरी साक्ष दिली का, एवढेच तो आपल्याला विचारील.