मॉडेलमध्ये किती उतरवायचं?

दोन हेक्टरचा उताराचा प्लॉट. त्यावर एक गोदाम, ट्रकसाठी रस्ता, पार्किंग आणि पावसाचं पाणी बाहेर नेणारी लाइन. पुण्यातल्या एका सल्लागार कार्यालयात या कामाचं त्रिमितीय मॉडेल पडद्यावर उघडलं होतं. तरुण अभियंत्याने त्यात काही म्हणून बाकी ठेवलं नव्हतं. चेंबरचं झाकण, झाकणाची चौकट, चौकटीचे बोल्ट, सगळं होतं. प्रमुख अभियंता असलेल्या मॅडमनी एका बोल्टवर झूम केलं आणि विचारलं, "हे कशासाठी?"

"प्रत्यक्षात असतं तसं दाखवलंय, मॅडम. मॉडेल जितकं खऱ्याच्या जवळ, तितक्या साइटवर चुका कमी."

"बरं. मग गेटजवळचा हा कर्बचा कोपरा बघ. त्रिज्या किती?"

"6 मीटर."

"आणि छेद किती अंतरावर घेतलेस?"

"सगळीकडे 3 मीटर."

मॅडमनी कागद पुढे ओढला. रस्त्याचं मॉडेल बांधताना सॉफ्टवेअर ठरावीक अंतरावर छेद घेतं आणि ते सरळ रेघांनी जोडतं, त्यामुळे वळण म्हणून दिसतात ते खरं तर छोटे छोटे सरळ तुकडे. खरी कमान आणि सरळ तुकडा यांच्यात जास्तीत जास्त फरक किती, हे काढायचं तर अंतराच्या वर्गाला त्रिज्येच्या आठपटीने भागायचं. इथे 9 भागिले 48, म्हणजे जवळपास 19 सेंटिमीटर. छेद अर्ध्या मीटरवर घेतले तर तोच फरक अर्ध्या सेंटिमीटरवर येतो. उलट 300 मीटर त्रिज्येच्या मोठ्या वळणावर 5 मीटरला एक छेद घेतला, तरी चूक सेंटिमीटरभरच राहते.

"बोल्ट मिलिमीटरमध्ये बरोबर आणि कोपरा वीतभर चुकलेला," मॅडम म्हणाल्या.

"मग सगळीकडेच अर्धा मीटर करतो. कॉम्प्युटर पेलेल."

"कॉम्प्युटर पेलेल रे. पण मूळ जमिनीचं काय? सर्व्हेचे पॉइंट 20 मीटरच्या ग्रिडवर घेतलेत. मधला ओढा आणि बांध त्यात धड आलेलेच नाहीत. जमिनीची पातळी सरासरी 5 सेंटिमीटरने जरी चुकली, तरी दोन हेक्टरवर 1,000 घनमीटर माती होते. 10 घनमीटरचा टिपर धरला तर 100 फेऱ्या. त्यांचं बिल कुठल्या बोल्टातून भरून काढणार?"

त्याला हा हिशेब पटला, मुद्दा पटला नाही. सर्व्हे अपुरा असेल तर सर्व्हे वाढवावा. त्यासाठी बाकीचं मॉडेल का उघडं ठेवायचं, असं त्याचं म्हणणं होतं.

तेव्हा मॅडमनी विषय खडकवासल्याला नेला. तिथल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राची सुरुवात 1916 सालची. नद्या, धरणं आणि बंदरं यांची प्रत्यक्ष बांधलेली मॉडेल्स ही त्या संस्थेची ओळख. खाडीसारख्या पसरट पाण्याचं मॉडेल करताना उभं आणि आडवं प्रमाण सारखं ठेवलं, तर पाण्याचा नुसता पातळ थर उरतो आणि तो खऱ्या पाण्यासारखा वाहत नाही. म्हणून अशा मॉडेलमध्ये उभं प्रमाण मुद्दाम वाढवतात. सॅन फ्रान्सिस्को खाडीचं 1957 मध्ये तयार झालेलं मॉडेल असंच आहे: आडवं 1:1000, उभं 1:100. खोली अशी दसपट फुगवल्यावर पाण्याला मिळणारा अडथळा बिघडतो, म्हणून तळात तांब्याच्या सुमारे अडीच लाख पट्ट्या उभ्या केल्या. खाडीला बांध घालून गोड्या पाण्याचे तलाव करायची रेबर योजना त्या मॉडेलवर तपासली गेली आणि ती चालणार नाही हे दिसून आलं.

"खऱ्या खाडीत तांब्याची एकही पट्टी नाही," मॅडम म्हणाल्या. "तरी त्या पट्ट्यांमुळेच मॉडेलमधली भरती-ओहोटी खरीशी जुळली. दिसायला हुबेहूब असणं आणि उत्तर खरं देणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने बिनतोड मुद्दा काढला. "त्यांना प्रश्न माहीत होता, मॅडम. पाणी कसं वाहील, एवढंच विचारायचं होतं. आपलं मॉडेल एस्टिमेटवाला उघडणार, ठेकेदार उघडणार, मालक उघडणार. कोण काय विचारेल हे मला आज कसं कळावं? म्हणून मी सगळंच घालतो."

"विचारणाऱ्यांची यादी करता येते की. तपशिलाच्या पायऱ्या, म्हणजे एलओडी, अमेरिकेतल्या वास्तुविशारदांच्या संस्थेने 2008 मध्ये करारात आणल्या, 100 ते 500. लोक सर्रास 'एलओडी 300 मॉडेल' म्हणतात, पण ती पायरी एकेका घटकाची असते, अख्ख्या मॉडेलची नसते. 2018 चं आयएसओ 19650 तर स्पष्टच म्हणतं की गरजेला पुरेल तेवढी किमान माहिती द्या, त्यापलीकडची वाया गेलेली."

"आणि किमान ठरवताना चुकलो तर? हा रॅम्पच घ्या." त्याने गेटजवळची जागा दाखवली. व्हीलचेअरसाठी 1:12 चा उतार हवा. कर्ब 150 मिलिमीटर उंच, म्हणजे रॅम्पला 1.8 मीटर लांबी लागते. "ड्रॉइंगवर नुसतं 'रॅम्प' लिहून सोडलं, तर मुकादम उरलेल्या जागेत बसवेल. जागा मीटरभरच उरली तर उतार 1:7 पेक्षाही तीव्र होईल. आपण सोडलेला तपशील नाहीसा होत नाही, मॅडम. तो निर्णय दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जातो, आणि त्याला आपलं गणित माहीत नसतं. उद्या ग्रेडरवर जीपीएस लावून हेच मॉडेल थेट मशीनला दिलं, तर शंका आली म्हणून फोन करणारा मुकादमही मध्ये नसेल."

हे मॅडमनी मान्य केलं. रॅम्प पूर्ण तपशिलात राहील, त्याच्या चारही कोपऱ्यांच्या लेव्हलसकट, असं त्यांनी स्वतःच टिपून ठेवलं. मग त्यांनी जुन्या पाण्याच्या पाइपावर बोट ठेवलं. गेटसमोरून जाणारा, निळा, गुळगुळीत, टोकदार कडांचा.

"याची खोली कुठून आणलीस?"

"जुन्या ड्रॉइंगवरून. त्यात खोली नव्हती, म्हणून 1 मीटर धरली."

"आणि आपली पावसाळी लाइन त्याच्याखालून जाते. 1:300 चा उतार, म्हणजे 30 मीटरमागे फक्त 10 सेंटिमीटर. तो पाइप वीतभर खाली निघाला तर आपल्याला लाइन खाली न्यावी लागेल आणि पुढचा उतारच संपेल. लाइनी एकमेकांना भिडतात का, त्या तुझ्या क्लॅश तपासणीचा निकाल काय?"

"क्लॅश नाही."

"कशाच्या जोरावर?"

अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सच्या 38 क्रमांकाच्या मानकात जमिनीखालच्या लाइनींच्या माहितीला ड ते अ अशा चार प्रती आहेत. जुन्या कागदांवरून घेतलेली माहिती सगळ्यात खालच्या प्रतीची; झाकणं आणि व्हॉल्व्ह मोजून जुळवलेली त्यावरची; मग यंत्राने जमिनीवरून शोधलेली; आणि खणून, पाइप उघडा करून मोजलेली सर्वात वरची. पडद्यावर मात्र चारही प्रतींचे पाइप सारखेच निळे आणि सारखेच ठाम दिसतात.

"मग पाइप काढूनच टाकू?"

"काढलास तर तिथे काही नाहीच असं वाटेल. दाखवलास तर तो तिथेच आहे असं वाटेल. दोन्हीकडून आपण खोटं बोलतो."

बोल्ट गेले, कोपऱ्याचे छेद दाट झाले. पाइपाभोवती, तो जिथे असू शकेल त्या सगळ्या जागेचं फिकट आवरण काढायचं आणि त्यावर माहितीची प्रत लिहायची, हेही ठरलं. क्लॅश तपासणी आता त्या आवरणाशी करायची. पडद्यावर लगेच लाल खुणा उमटल्या.

"हे बघून मालक घाबरेल," तो म्हणाला.

"त्याला आत्ता कळू दे. ओलांडणीच्या जागी ट्रायल पिट घेऊन, म्हणजे खणून, पाइप बघायला सांगू, निविदेच्या आधी."

"निविदेआधी तो खर्च करणार नाही, मॅडम. ट्रायल पिट निविदेतला पहिला आयटम करू या आणि त्या लाइनच्या लेव्हल तात्पुरत्या ठेवू."

"म्हणजे प्रत्येक ठेकेदार आपल्या न कळण्याचा दर लावणार."

"लावू दे. निदान तो दर कशाचा आहे, हे मॉडेलमध्ये दिसेल."

मॅडमना हे पटलं नव्हतं. मालकाला जाणाऱ्या पत्रात दोन्ही पर्याय खर्चासकट लिहायला त्यांनी सांगितलं. निर्णय होईपर्यंत ओलांडणीजवळच्या लाइनच्या इन्व्हर्ट लेव्हल, म्हणजे पाइपाच्या आतल्या तळाच्या पातळ्या, मॉडेलमध्ये भरायच्या नाहीत, एवढं दोघांनी मिळून ठरवलं.